पाठीचा फोटो

टोकावड्याच्या नाक्यावर माझी खानावळ आहे आणि माझ्या जिभेला हाड नाही असं सगळा गाव म्हणतो. म्हणू दे. ज्यांच्या जिभेला हाड आहे त्यांनी आजवर गावात काय उजेड पाडला तेही मी बघितलंय.

माझ्या घराला लागून गणूभाऊंचं घर. ते माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ, म्हणजे त्यांची बायको अंबूबाई माझी मोठी जाऊ. मधे निरगुडीचं कुंपण आहे, तेही नावाला. त्यातून कोंबड्या येतात-जातात, तसे आवाजही येतात-जातात. मी मुद्दाम कान देत नाही, पण कानात बोळे घालूनही कोणी जगत नाही.

गणूभाऊ म्हणजे ओट्यावर बसून तंबाखू मळणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणपण शिकवणार. त्यांचा मुलगा स्वरूप मुरबाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बापाचं शहाणपण तोंडातून येतं आणि मुलाचं मोबाइलमधून, एवढाच काय तो दोघांत फरक. स्वरूपची बायको कुणाली, उंबरमाळीकडची. आई लहानपणीच गेलेली, अंगाने काडी, बोलणं कमी आणि काम जास्त. अशा सुना लोकांना फार आवडतात, का ते मी सांगायला नको.

कुणालीला पहिली मुलगी झाली. ती अजून अंगावर पीत होती, तोवर हिला पुन्हा दिवस गेले. इतक्या लवकर कशाला, असं मी अंबूबाईला विचारलं. ती म्हणाली, एकदाच काय ते उरकून घेतलेलं बरं. जणू बाळंतपण नव्हे, घराला रंग द्यायचा होता.

आरोग्य केंद्रातली नर्स गोळ्या देऊन जायची. रक्त वाढायला लाल, हाडांसाठी कॅल्शियमच्या पांढऱ्या. आमच्याकडे या गोळ्यांबद्दल एक पक्कं मत आहे. गोळ्या खाल्ल्या की पोर पोटात मोठं होतं, मग ते अडतं, मग पोट कापावं लागतं. म्हणून पोर बारीक ठेवायचं आणि आईला त्याहून बारीक. दूधही प्यायचं नाही, दुधाने म्हणे पोराच्या अंगावर पांढरा थर बसतो. दूध सगळं डेअरीवर जात होतं ही गोष्ट वेगळी, ती कोण बोलून दाखवणार? नागलीची भाकर तर केव्हाच हद्दपार झाली, गरिबांचं खाणं म्हणून. आता मैद्याची बिस्किटं चहात बुडवून खातात आणि स्वतःला सुधारलेले म्हणवतात.

बरं, गोळ्या फेकून द्यायच्या तर तेही जिवावर येतं. फुकटची असली तरी वस्तू ती वस्तू. अंबूबाई त्या पाट्यावर कुटायची आणि कण्यांत कालवून कोंबड्यांना घालायची. त्याने अंड्याचं कवच घट्ट होतं हे तिला बरोबर ठाऊक होतं. अंडी ती माझ्याच खानावळीला विकायची. त्या वर्षीची अंडी अशी टणक, की कढईच्या काठावर दोनदा आपटल्याशिवाय फुटत नसत. माळशेजकडे जाणारे ड्रायव्हर ऑम्लेट खाऊन बोटं चाटायचे आणि गावठी अंड्याची मजा वेगळी म्हणायचे. मलाही बरं वाटायचं. पाट्यावरची पांढरी पूड मी पहिल्यांदा बघितली तेव्हा कुणालीला शेवटचा महिना लागला होता.  एका बाईची हाडं मी हिरवी मिरची घालून ड्रायव्हरांना खिलवत होते.

मी अंबूबाईला तोंडावर बोलले. तिने पाटा धुतला, पदराला हात पुसले आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "मी सात बाळंतपणा केली. एक गोळी नाय खाल्ली." हे वाक्य ती कशावरही लावते. ताप आला तरी सात बाळंतपणं, पाणी आलं नाही तरी सात बाळंतपणं. त्यावर कोणाचं काही चालत नाही.

चैत्रात कुणाली बाळंत झाली. मुलगा झाला, कापाकापी झाली नाही. अंबूबाईने पेढे वाटताना प्रत्येकीला ऐकवलं, की गोळ्या दिल्या नाहीत म्हणून सुटकेला त्रास झाला नाही. बायका माना डोलावत पेढे खात होत्या. पेढा तोंडात असला की माणसाला काहीही पटतं.

मग अंधारकोठडी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सव्वा महिना खिडकीला गोणपाट, खाटेखाली शेगडी, जेवायला भात आणि लसूण-मिऱ्याचं पाणी. बाहेर वैशाखाचं ऊन फुकट सांडत होतं आणि आत ती पोरगी घामाने भिजत लेकराला पाजत होती. पोरगा मात्र टुमटुमीत झाला. गणूभाऊ त्याला ओट्यावर आणून सगळ्यांना दाखवायचे, मांड्या बघा म्हणायचे. त्या मांड्या कुठून आल्या हे बघायला आत कोणी गेलं नाही.

कोठडीतून कुणाली बाहेर आली ती एका अंगाला कलून. आधी पोराला आंघोळ घालायला वाकता येईना. मग कूस बदलता येईना. मला एकदा कुंपणाजवळ म्हणाली, की पाठीत कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं होतं, शिंकले तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. मी घरच्यांना सांगितलं. अंबूबाईने निकाल दिला की बाळंतिणीची कंबर दुखतेच. गणूभाऊ म्हणाले की हल्लीच्या पोरी नाजूक. स्वरूपने मोबाइलमध्ये बघून सांगितलं की बसण्याची पद्धत चुकते, तिने योगा करावा. आणि नाक्यावरच्या डॉक्टरने एक सुई टोचून लाल मलम दिलं, जे तो सर्दीपासून सापापर्यंत सगळ्याला देतो.

आषाढात आवणी सुरू झाली. भाताच्या रोपांच्या मुठी बांधून त्यांचा भारा डोक्यावरून दुसऱ्या खाचरात न्यायचा, मग दिवसभर कमरेतून वाकून लावत जायचं. तान्ह्याला आणि मोठ्या पोरीला ओट्यावरच्या गणूभाऊंच्या भरवशावर घरी झोपवून कुणालीला नेलं. तिने एक भारा उचलला, दोन पावलं टाकली आणि बांधावर खाली बसली. नुसती बसली, ओरडलीही नाही. शेजारच्या खाचरातल्या बाया उठवायला गेल्या तर तिला उठता येईना. दोघींनी बगलेत धरून घरी आणली.

अंबूबाई त्या संध्याकाळी माझ्या दारात येऊन बोलली, की आवणी आली की सुनांच्या कंबरा बरोब्बर धरतात आणि सण आला की सुटतात. सगळं नाटक आहे. गावात दुसऱ्या दिवसापर्यंत तेच झालं. आमच्या गावाला स्वतःचं मत नाही, सासवांचं आहे.

त्याच आठवड्यात गणूभाऊंची म्हैस व्याली. आणि दुसऱ्या सकाळी ती उठेना. मान पोटाकडे वळवून, कान थंडगार, बसून राहिली.

काय सांगू, घरात आग लागल्यासारखं झालं. गणूभाऊ चप्पल न घालता चिखलातून नाक्यापर्यंत पळाले. ज्या माणसाला मी तांब्या उचलतानाही कधी बघितलं नव्हतं, तो पळाला. बायकोसाठी एका दिवसाचीही सुटी न घेतलेल्या स्वरूपने कारखान्यात फोन करून सुटी टाकली आणि मोटारसायकलवर गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर यायच्या आधीच गोठ्याभोवती गर्दी जमली होती आणि गणूभाऊ धापा टाकत सगळ्यांना समजावून सांगत होते. पारडू पोटात असताना त्याची हाडं व्हायला म्हशीच्या अंगातलं कॅल्शियम जातं, व्याल्यावर दुधातून आणखी जातं, आणि खाण्यातून तेवढं मिळालं नाही की ती हाडांतून काढून देते, मग बसते. म्हणून गाभण असल्यापासून तिला कॅल्शियम पाजायला हवं होतं, चूक आपलीच झाली. चूक आपलीच झाली, असं म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं.

डॉक्टरने शिरेतून बाटली लावली. थोड्या वेळाने म्हैस थरथरली, धडपडली आणि उभी राहिली. गणूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. अंबूबाईने म्हशीवरून मीठमिरची उतरवली.

गोठ्याला लागूनच ती खोली. दार उघडं होतं. आत कुणाली भिंतीला पाठ लावून पोराला पाजत बसली होती आणि शब्दन् शब्द ऐकत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला.

"गणूभाऊ," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "म्हशीचं बरोबर कळतं तुमाला. ती आत कवाधरनं बसलेय, ती काय हौस म्हणून?"

 गणूभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी मनापासून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "म्हैस दूध देते गो."

"आणि ती पोराला काय पाजते? ताक?"

कोणीतरी खिदळलं आणि स्वरूपचे कान लाल झाले. माणसाला लाज वाटते ती अशी, चारचौघांत कोणी हसलं की. घरात बायको रडून रडून थकली तरी वाटत नाही. गुरांच्या डॉक्टरने आपली बॅग बंद करता करता हळूच म्हटलं, की पाठीचा एकदा फोटो काढून घ्या. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. पुरुषमाणसाने, त्यातून डॉक्टरने सांगितलं म्हणजे ते सांगणं झालं. मी महिनाभर बोलत होते ती कटकट.

दुसऱ्या दिवशी इको गाडी करून आम्ही मुरबाडला हाडांच्या डॉक्टरकडे निघालो. कुणाली मागच्या सीटवर आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. पोराला मांडीवर घेऊन स्वरूप पुढे. आणि अंबूबाईही आली. सुनेच्या काळजीने नव्हे. फोटोत काही निघत नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले, असं तिने गाडीत बसतानाच जाहीर केलं. प्रत्येक खड्ड्याला कुणाली माझं मनगट आवळत होती आणि अंबूबाई खिडकीतून कोणाची आवणी कुठवर आली ते बघत होती.

डॉक्टर म्हणजे तरुण बाई, चष्मा, हसणं नाही. तिने पाठीवर हळूच टिचकी मारली तर कुणाली किंचाळलीच. फोटो काढून आला. डॉक्टरीणबाईने तो उजेडावर लावला आणि पेनाने दाखवलं. पाठीचे मणके कसे चौकोनी, विटांसारखे, आणि त्यातले दोन पुढून चेपलेले. दबून मोडलेत, ती म्हणाली.

मग तिने समजावलं, ते सगळं आम्ही काल गोठ्यात ऐकलेलंच होतं. पोटातल्या बाळाला हाडं करायला आईकडून कॅल्शियम जातं, अंगावर पाजताना तर त्याहून जास्त. बहुतेक बायकांचं पाजणं सुटल्यावर हाड पुन्हा भरून येतं, घाबरण्यासारखं नसतं. पण हिच्या अंगात मुळातच तुटवडा, पहिलीचं भरून यायच्या आत दुसरा, गोळ्या नाहीत, दूध नाही, ऊन नाही. त्यात वर ओझं. असं सगळ्यांना होत नाही, क्वचित होतं, पण हिला झालंय. आता पाजणं बंद करून पोराला डब्याचं दूध द्यायचं, पाठीला पट्टा, औषधं, आणि वाकायचं नाही, उचलायचं नाही. पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत. ऐकलं तर बरी होईल. नाही ऐकलं तर आणखी मणके जातील आणि मग ही सरळ उभी राहणार नाही.

 कुणाली डॉक्टरीणबाईकडे न बघता सासूकडे बघत होती. घरात निकाल कोण देतं ते तिला ठाऊक होतं.

अंबूबाईने पदर खोचला. फोटो काय, काहीही दाखवतो, म्हणाली. यंत्राला काय कळतं. "माझा काढा फोटो. सात बाळंतपणा केली मी. एक हाड मोडला नाय. मग बघा, खरा काय ते."

स्वरूप तिला गप्प करू लागला, पण ऐकते कुठली? आणि डॉक्टरीणबाई तिच्या पाठीच्या बाकाकडे मघापासून बघत होती. ती म्हणाली, काढू या. अंबूबाई ताठ मानेने आत गेली, म्हणजे मानच तेवढी ताठ. ती चालते ती जमिनीकडे बघत. मी लग्न होऊन आले तेव्हाही ती तशीच वाकलेली होती. गणूभाऊ पाहुण्यांना गंमत म्हणून सांगायचे, आमची बायको पडलेले पैसे शोधत चालते. पाहुणे हसायचे, तीही हसायची.

दुसरा फोटो पहिल्याच्या शेजारी लागला. डॉक्टरीणबाईने पेनाने मणके दोनदा मोजले. मग तिने विचारलं, "आजी, तुम्ही कधी पडला होता का?"

अंबूबाई नाही म्हणाली.

कुणालीचे दोन होते. अंबूबाईचे चार. चेपून पाचरीसारखे झालेले, तसेच सांधलेले. काही वयामुळे गेले असतील, डॉक्टरीणबाई म्हणाली, कधीचे ते फोटोवरून नक्की सांगता येणार नाही, पण यातले काही फार जुने दिसतात. त्या वेळी खूप दुखलं असणार.

मला वाटलं अंबूबाई आता भांडेल. ती उठून फोटोपाशी गेली. काचेवर बोट ठेवून तिने ते चार मणके एकेक करून चाचपले, जणू आतलं हाताला लागणार होतं. मग कुणाला उद्देशून नाही, अशी बोलायला लागली. हा स्वरूप अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. भाताची गोण गिरणीवर न्यायची होती. उचलली आणि पाठीत काड्कन आवाज झाला, तिला वाटलं गोणीची शिवण उसवली. सासूने तिला तीन दिवस भाकर दिली नाही, काम नाही तर खाणं नाही म्हणून. चौथ्या दिवशी ती रांगत चुलीपाशी गेली होती. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. स्वरूपला तर नव्हतंच.

कुणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता ही पोरीला जवळ घेईल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अंबूबाई वळली आणि तिच्या आवाजात चक्क आनंद होता.

"म्हंजे मोडल्या पाठीनं केला ना मी समदा? आवणी केली, त्याच्यामागनं तीन पोरा काढली. मग हिला काय झाला?"

 मी उभ्या जन्मात पहिल्यांदाच गप्प बसले. या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं असतं? अशा बाईला हसावं की तिच्या पाया पडावं, मला कळेना. आणि तिला असं घडवणाऱ्यांना काय करावं ते मला चांगलं कळत होतं, पण त्यातले निम्मे मरून गेले होते.

उत्तर कुणालीने दिलं. टेबलावर आडवी, छताकडे बघत, हळू आवाजात.

"आई, तुमी केलंत. पण तुमाला कुणी इचारलं का, दुखतंय का म्हणून?"

अंबूबाई तिच्याकडे बघत राहिली.  नाही म्हणायलासुद्धा तिला आधी आठवून बघावं लागत होतं.  पोर रडायला लागलं म्हणून तिने ते स्वरूपकडून घेतलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.

 परतीच्या वाटेवर तिने मेडिकलवर गाडी थांबवायला लावली आणि स्वरूपला डब्याचं दूध आणायला पाठवलं.

घरी गणूभाऊ ओट्यावरच होते. आम्ही कुणालीला दोघींनी धरून उतरवत होतो आणि त्यांनी तंबाखूची पिचकारी टाकून विचारलं, "काय मंग? नाटकच निघाला ना सुनेचा?"

"दोघींचा निघाला," अंबूबाई म्हणाली.

त्यांना समजलं नाही. ते हसले. मग तिने त्यांना सांगितलं, की उद्यापासून आवणीला ती येणार नाही आणि सूनही येणार नाही. बापलेकाच्या पाठी धड आहेत, त्यांनी वाकावं. गणूभाऊंना वाटलं ही थट्टा आहे. मग त्यांना वाटलं बायकोला कोणी भडकवलं, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघू नका, मी फक्त गाडीत बसले होते.

कुणालीला आत चटईवर निजवलं. अंबूबाई दारात उभी राहिली. तिथून गोठा दिसत होता, परस दिसत होतं, न घासलेली भांडी दिसत होती. तिन्हीसांजेच्या आत ही बाई कधी पाठ टेकेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला खानावळीतून हाकलला असता.

"सरक गो," ती सुनेला म्हणाली. "मला पन पाठ टेकू दे."

ती आडवी झाली, पण डोकं जमिनीला लागेना. पाठीचा बाकच असा, की मान अधांतरी. इतकी वर्षं ती कशी निजत असेल कोण जाणे. कुणालीने कण्हत हात मागे नेला, आपल्या डोक्याखालची उशी ओढून काढली आणि सासूच्या मानेखाली सरकवली, आणि स्वतः दंडावर डोकं ठेवलं.

हे बघून माझं टाळकं सडकलं. मोडलेल्या बाईनेच मोडलेल्या बाईला उशी द्यायची, असा नियम कुठल्या मेल्याने केलाय? मी तरातरा ओट्यावर गेले. गणूभाऊंच्या खाटेवर दोन उशा होत्या, एक डोक्याला, एक पायाखाली घ्यायला. दोन्ही उचलल्या.

गणूभाऊ उठून बसले.

"मंग मी कशावर निजू?" त्यांनी विचारलं.